मुंबई सिटीचा सर्वश्रेष्ठ सेंटर-बॅक कोण?

छत्रपती संभाजीनगरातील आम्हा मोजक्या फुटबॉलप्रेमींत मुंबई सिटी एफसीच्या सर्वश्रेष्ठ मध्यबचावपटूविषयी जो वाद नित्य रंगतो, त्यात माझी कैफियत अशी आहे. २०१६ साली संघ इंडियन सुपर लीगच्या साखळीत अग्रस्थानी पोहोचला तेव्हा रोमानियाच्या लुसियान गोयानने बचावाची हद्द निष्ठेने राखली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु खरा मुकाबला मुर्तदा फॉल आणि राहुल भेके या दोघांत आहे.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी, लीग शिल्डचा निकाल ज्या सामन्यावर अवलंबून होता त्यात, अहमद जाहूची फ्री-किक गोलक्षेत्रात उतरताच सेनेगलच्या धिप्पाड फॉलने सातव्याच मिनिटाला हेडरने गोल केला, आणि एटीके मोहन बागानला २-० नमवून शिल्ड मुंबईने हस्तगत केली. हवेतील चेंडूवर अशी निर्विवाद हुकमत मी अन्य कोणाची पाहिली नाही.

तथापि माझे मत मुंबईकर भेकेलाच! ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये, इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध १-१ अशी बरोबरी असता, ७५व्या मिनिटाला कॉर्नरवर त्याने मारलेल्या हेडरने भारतीय क्लबला एएफसी चॅम्पियन्स लीगमधील पहिला विजय मिळाला. आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, मोहन बागानच्या अंगणात पिछाडीवरून ३-१ असा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाचा कर्णधारही तोच होता.

आपला निवाडा दाखल्यांसह अवश्य कळवावा.