भूकंपांनी आखलेली पर्वतरांग

‘अरबी समुद्रात भूकंप, तीव्रता ५.३’ अशी ओळ मोबाइलवर झळकली की किनाऱ्यावरचा माणूस पहिल्यांदा विचारतो तो त्सुनामीबद्दल. २६ डिसेंबर २००४च्या लाटेनंतर ते साहजिकच आहे. पण तीव्रतेच्याही आधी जागा पाहायला हवी. यातले पुष्कळ धक्के बसतात ते एका बुडालेल्या पर्वतरांगेवर. एडनच्या आखाताच्या पूर्वेला सुरू होऊन आग्नेयेकडे विषुववृत्त ओलांडणारी ही रांग म्हणजे कार्ल्सबर्ग रिज.

नाव डेन्मार्कच्या बिअर कारखान्याशी जोडलेल्या प्रतिष्ठानाचे. १९२८ ते १९३० या काळातल्या ‘डाना’ सागरमोहिमेला या प्रतिष्ठानाने पैसा पुरवला होता. पुढे १९३३-३४मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या चमूने ध्वनीचे पडसाद मोजत तळाची खोली घेतली. हे सेवेल त्याआधी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. रांगेच्या माथ्यावरून लांबच लांब घळ गेलेली दिसली. वाइजमन आणि सेवेल यांनी १९३७ साली तिची तुलना पूर्व आफ्रिकेतल्या खचदऱ्यांशी केली. ती घळ तिथे का आहे, याचा उलगडा व्हायला आणखी पंचवीस वर्षे गेली.

१९६२मध्ये ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ने याच रांगेवर चुंबकीय मोजणी केली. ड्रमंड मॅथ्यूज यांनी आणलेले आकडे त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन तपासत बसला. घळीतून वर येणारा शिलारस थिजताना त्या काळच्या चुंबकक्षेत्राची दिशा स्वतःत धरून ठेवतो. हे क्षेत्र अधूनमधून उलटते, म्हणून तळावर सुलट-उलट पट्टे उमटत जातात. सप्टेंबर १९६३मध्ये ‘नेचर’मध्ये दोघांचा लेख आला आणि समुद्राचा तळ फाकत जातो ही कल्पना मोजता येण्याजोगी झाली. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ले स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते, पण त्यांचा लेख छापलाच गेला नव्हता. भूखंड सरकण्याची गोष्ट निघाली की सगळे अटलांटिककडे बोट दाखवतात. इतकी निर्णायक मोजणी मात्र आपल्या बाजूच्या समुद्रात झाली, याचे मला मोठे अप्रूप आहे.

रांगेच्या एका अंगाला भारतीय भूपट्ट, दुसऱ्या अंगाला सोमाली. दोन्ही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जातात. हे जाणे सलग नसते. खडक ताण सोसत राहतो आणि एक दिवस तुटतो. घळीत तुटला तर एक बाजू खाली खचते. रांगेला आडव्या छेदणाऱ्या भेगांवर तुटला तर दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. खाली तप्त, नरम खडक असल्याने तुटण्याजोगा थंड थर पातळच असतो. मोठा ताण साठवायला जागाच कमी, म्हणून इथले बहुतेक भूकंप मध्यम किंवा लहान असतात.

समजा, असा ५.३चा धक्का ५ अंश उत्तर अक्षांशाजवळ बसला. पुणे तिथून साधारण दोन हजार किलोमीटरवर. पहिली लहर चार मिनिटांत पुण्याच्या भूकंपमापकावर पोचते, आणि जमीन आडवी हलवणारी दुसरी त्यानंतर तीन-साडेतीन मिनिटांनी. दोहोंमधल्या या वेळेवरूनच धक्क्याचे अंतर काढतात. पाण्यातून निघालेला आवाज वीसेक मिनिटांनी दिएगो गार्सियाजवळच्या जलध्वनिग्राहकांना ऐकू जातो. ते बसवले आहेत चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी. १९६०च्या दशकात अणुचाचण्यांच्याच निमित्ताने जगभर एकाच जातीच्या भूकंपमापकांचे जाळे उभे राहिले आणि पुणे त्यातले एक केंद्र होते. त्या जाळ्याच्या नोंदी वापरून लिन साइक्स यांनी १९६७मध्ये आडव्या भेगांवरची हालचाल नेमकी कोणत्या दिशेने होते हे दाखवले. जहाजे जिथे पोचली नव्हती, तिथेही भूकंपांचे ठिपके जोडून रांगेची रेघ पुरी करता आली.

मोठा धक्का इथे बसतच नाही असे नाही. १५ जुलै २००३ रोजी याच रांगेवर ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. १९९३च्या किल्लारीच्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपापेक्षा त्याची ऊर्जा सव्वाशे पटींच्या आसपास जास्त. किल्लारीत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. २००३चा भूकंप मात्र भर समुद्रात झाला, हालचालही मुख्यतः आडवी होती, आणि किनाऱ्यावर मोठी लाट आली नाही.

या रांगेचे आपल्याशी नाते आणखी जुने आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्यानंतर लवकरच भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये समुद्र फाकू लागला, तो याच रांगेवर. सेशेल्सच्या सिलुएट बेटावर दख्खनच्या अखेरच्या काळातले खडक आजही सापडतात. तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेले ते बेट आज मुंबईपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे.

कोकणाने धास्ती बाळगायची ती मात्र या रांगेची नव्हे, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याची. तिथे भूपट्ट दूर जात नाहीत, एक दुसऱ्याखाली घुसतो. २८ नोव्हेंबर १९४५च्या मकरान भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली आणि इथेही माणसे वाहून गेली. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मधले त्सुनामी इशारा केंद्र अरबी समुद्राच्या बाजूने याच पट्ट्यावर डोळा ठेवते. भूकंपाच्या बातमीत अक्षांश छापलेला असतो. तो पाच-सात अंश उत्तर आणि तीव्रता पाचच्या घरातली असेल तर निवांत झोपावे. अक्षांश चोवीस-पंचवीस आणि तीव्रता आठच्या आसपास असेल, तर मुंबईपर्यंत लाट यायला काही तास मिळतात. तेवढ्यात इशारा ऐकून किनारा सोडता येतो.