आर्कीयन ग्रॅनाइटाभ खडक

सु. ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या आर्कीयन महाकल्पात तयार झालेल्या ग्रॅनाइटासारख्या भरडकणी अग्निज खडकांना व त्यांच्या रूपांतरणाने बनलेल्या पट्टिताश्मांना ही संज्ञा देतात. जगातील सर्व प्राचीन भूखंडांचा गाभा मुख्यत्वे याच खडकांचा बनलेला आहे. कॅनडातील अकास्टा पट्टिताश्माचे वय ४०० कोटी वर्षांहून थोडे अधिक असून ज्ञात खडकांपैकी तो अतिप्राचीन गणला जातो.

आढळ : दक्षिण भारतातील या खडकांना डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये ‘द्वीपकल्पीय पट्टिताश्म’ असे नाव दिले. कर्नाटकात त्यांचा विस्तार मोठा आहे. गोव्यात अनमोड घाटातील ट्राँजेमाइटी पट्टिताश्माचे वय सु. ३४० कोटी वर्षे, तर चंद्रनाथ डोंगरातील ग्रॅनाइटाचे सु. २६५ कोटी वर्षे काढण्यात आले आहे. महाराष्ट्रात असे प्राचीन ग्रॅनाइटी खडक सिंधुदुर्ग जिल्ह्यात, नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली भागात आणि विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत उघडे पडलेले दिसतात. राज्याचा उरलेला बहुतेक भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने झाकलेला असल्याने तेथील ग्रॅनाइटी पाया दृष्टीस पडत नाही.

रासायनिक संघटन : आर्कीयन ग्रॅनाइटाभ खडकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. जुना व मोठा गट टोनालाइट, ट्राँजेमाइट व ग्रॅनोडायोराइट यांचा होय. यांत प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व क्वॉर्ट्‌झ ही प्रमुख खनिजे असून पोटॅश फेल्स्पार अल्प असते. त्यामुळे त्यांत पोटॅशियमापेक्षा सोडियम पुष्कळ जास्त असते. सिलिकेचे प्रमाण सामान्यतः ६५ ते ७५ टक्के व ॲल्युमिनाचे १५ टक्क्यांच्या आसपास असते. विरल मृत्तिका मूलद्रव्यांपैकी हलकी मूलद्रव्ये विपुल, तर इटर्बियमासारखी जड मूलद्रव्ये व इट्रियम अत्यल्प असतात. जड विरल मृत्तिका गार्नेट या खनिजात सामावल्या जातात. म्हणून जलयुक्त बेसाल्टी खडक खोलवर अंशतः वितळताना गार्नेट मागे राहिले व त्यातून निघालेल्या शिलारसापासून हे खडक बनले, असा निष्कर्ष निघतो. हे वितळणे एका पट्टाखाली दुसरा पट्ट सरकल्याने झाले की जाड बेसाल्टी कवचाच्या तळाशी झाले, यांविषयी मतभेद आहेत.

दुसरा गट पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइटांचा असून तो प्रामुख्याने आर्कीयनच्या अखेरीस, पहिल्या गटातील खडक पुन्हा वितळून तयार झाला. कर्नाटकातील सु. २५२ कोटी वर्षांपूर्वीचा क्लोजपेट ग्रॅनाइट याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या निर्मितीत प्रावरणातून आलेल्या शिलारसाचाही वाटा आहे. या खडकांची वये झिर्कॉन खनिजातील युरेनियम व शिसे यांच्या समस्थानिकांवरून काढतात. युरेनियम (२३८) चा अर्धायुकाल सु. ४४७ कोटी वर्षे असल्याने एवढ्या दीर्घ कालमापनास तो योग्य ठरतो.

पेण-रोहा परिसर : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके पूर्णतः दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात मोडतात. येथील डोंगर बेसाल्टाचे असून खाड्यांलगतची सपाट जमीन अलीकडच्या गाळाची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे असणारे लाव्ह्याचे थर या पट्ट्यात पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. या रचनेस ‘पनवेल वाकण’ म्हणतात. तिला समांतर, साधारणपणे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या असंख्य भित्तींनी हे थर छेदलेले आहेत. थरांबरोबर खालचा ग्रॅनाइटी पायाही वाकला वा विभंगांनी पायऱ्यापायऱ्यांनी खचला असावा, असे मानतात. तो डोळ्यांना दिसत नसला, तरी त्याचा मागोवा पुढील प्रकारे घेता येतो.

पहिला पुरावा बेसाल्टाच्याच रसायनात आहे. जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियमाच्या क्षयामुळे स्ट्राँशियम (८७) साचलेले असते. वर येणाऱ्या लाव्ह्याने असे कवच अंशतः वितळवून पोटात घेतले, तर लाव्ह्यातील स्ट्राँशियम (८७) व स्ट्राँशियम (८६) यांचे गुणोत्तर वाढते. सह्याद्रीतील आंबेनळी शैलसमूहात हे गुणोत्तर सु. ०·७०४ आहे; बुशे शैलसमूहात मात्र ते ०·७१३ च्या वर जाते. याच जिल्ह्यातील पोलादपूरचे नाव मिळालेल्या शैलसमूहातही अशी भेसळ स्पष्ट दिसते.

दुसरा पुरावा रोह्याच्या शेजारच्या मुरूड-जंजिरा भागातील लँप्रोफायर भित्तींत सापडतो. वर येताना या शिलारसाने खोलवरच्या खडकांचे तुकडे ओढून आणले. त्यांत कवचाच्या खालच्या भागातील ग्रॅन्युलाइट व त्याखालच्या प्रावरणातील पायरोक्सिनाइट आहेत. तिसरा पुरावा पश्चिम किनाऱ्यालगतच्या उष्ण झऱ्यांचा होय. पालीजवळील उन्हेरे येथील झरे याच रांगेत आहेत. या रांगेतील झऱ्यांच्या वायूंत आढळणारे हीलियम मुख्यतः युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून आलेले असून, पाणी ग्रॅनाइटी पायातील भेगांतून फिरून येत असल्याचे ते सूचित करते.

प्रत्यक्ष वेध : पायाचे थेट नमुने पूर्वेकडे मिळाले आहेत. किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मी. बेसाल्ट व सु. ८ मी. गाळाचे खडक यांखाली पट्टिताश्म लागला. कोयनेजवळ रासाटी येथे ९३३ मी. खोलीवर, तर २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या गोठणे येथील ३ किमी. खोल छिद्रात १,२४७ मी. वर ग्रॅनाइटी पाया लागला. कोयनेत बेसाल्ट व पाया यांच्यामध्ये गाळाचे खडक नाहीत. तेथील झिर्कॉनांची वये सु. २७० कोटी वर्षे येतात; यावरून कर्नाटकातील प्राचीन भूखंड ट्रॅपखाली उत्तरेकडे पसरलेला असल्याचे दिसते.

महत्त्व : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा विनाशकारी भूकंप व त्यानंतरचे असंख्य धक्के यांची नाभी बेसाल्टात नसून त्याखालच्या या ग्रॅनाइटी पायात आहे. किल्लारीच्या भूकंपाचेही तसेच आहे. जमिनीवरील काळ्या खडकाचे निरीक्षण कितीही काटेकोर असले, तरी त्यावरून खालच्या विभंगांचा अंदाज पुरता येत नाही. पेण-रोहा पट्ट्यात वस्ती, उद्योग व धरणे दाट आहेत आणि थर कललेले आहेत. म्हणून तेथील पायाची खोली व त्यातील भेगा निश्चित करणे केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा विषय नसून सुरक्षित बांधकामाची व उष्ण पाण्याच्या उपयोगाची ती पूर्वअट आहे.