कोणाबरोबर जेवलास?

डिसेंबरमधला रविवार. बर्लिनमध्ये दुपारचे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. जर्मनीत कायद्याने रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे रस्तेही सुनेसुने असतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि पुण्या-नाशकात, लातूर-कोल्हापुरात घरोघरी व्हिडिओ कॉल लागतात. तिकडे एमएस करायला गेलेला मुलगा पडद्यावर दिसतो. ‘‘जेवलास का?’’ आई विचारते. ‘‘हो गं, जेवलो.’’ ‘‘थंडी फार आहे ना? स्वेटर घाल.’’ ‘‘हो.’’ ‘‘अभ्यास कसा चाललाय?’’ बाबा विचारतात. ‘‘चाललाय.’’ दहा मिनिटांत कॉल संपतो. आईवडिलांना हायसे वाटते. शुक्रवारी दुपारपासून हा मुलगा कोणाशीही समोरासमोर एक शब्द बोललेला नाही, हे मात्र त्या दहा मिनिटांत कळत नाही. कारण तसे कोणी विचारलेलेच नसते.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांवर गेली होती. त्यांत मराठी मुले-मुलीही पुष्कळ आहेत. या मुलांना निरोप देताना घरचे सहसा एक वाक्य बजावतात, ‘शिकायला चाललायस, भटकायला नाही.’ त्यामागची काळजी खरी असते. पण मित्रांबरोबर फिरणे, खेळणे, एकत्र जेवणे ही चैन आहे की प्रकृतीची गरज, या प्रश्नाकडे वैद्यकशास्त्र गेल्या काही दशकांत अधिक बारकाईने पाहू लागले आहे.

घरच्या ओढीचे दुखणे

परदेशातल्या विद्यार्थ्याचा एकटेपणा वैद्यकाला नवा नाही. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणाऱ्या आजाराला त्याने दोन ग्रीक शब्द जोडून ‘नोस्टॅल्जिया’ असे नाव दिले. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांत बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण होता. बराच काळ उदास राहिल्यानंतर त्याला ताप येऊ लागला आणि प्रकृती इतकी ढासळली की सगळ्यांनी आशा सोडली. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी पाठवायचे ठरले, तर वाटेतच तो सुधारू लागला. बर्न ते बाझल हे अंतर आजच्या हिशेबाने जेमतेम शंभर किलोमीटर आहे.

आज नोस्टॅल्जियाला कोणी रोग म्हणत नाही. घरची ओढ लागणे ही निरोगी मनाची खूण आहे आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत सौम्य होते. पण ती सौम्य का होते, हे लक्षात घ्यायला हवे. नव्या गावात आपल्याला ओळखणारी, आपण दिसलो नाही तर विचारणारी दोन-चार माणसे मिळाली की मन रुळते. ती मिळाली नाहीत तर ओढीचे रूपांतर उदासीत व्हायला वेळ लागत नाही.

अंधार आणि खोली

उत्तर युरोपात या उदासीला हिवाळ्याची साथ मिळते. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ १९७६ साली दक्षिण आफ्रिकेतील उन्हाच्या जोहान्सबर्गहून पुढील शिक्षणासाठी न्यू यॉर्कला गेले. हिवाळा आला की आपला उत्साह आटतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांना स्वतःवरूनच जाणवले. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. झोप वाढणे, गोड आणि पिठूळ पदार्थ खावेसे वाटणे, वजन वाढणे, माणसे नकोशी होणे ही त्याची लक्षणे. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणे हा त्यावरचा एक मान्य उपचार आहे.

खोलीतल्या साध्या दिव्याखाली जेमतेम काहीशे लक्स प्रकाश असतो. दुपारी बाहेर, ढगाळ आकाशाखालीही, तो हजारावर जातो. म्हणजे हिवाळ्यात दुपारी मित्रांबरोबर तळ्याकाठी मारलेला फेरफटका हा प्रकाश, व्यायाम आणि सोबत अशी तीन औषधे एकाच वेळी देतो. ड जीवनसत्त्वासाठी मात्र हा फेरफटका पुरत नाही. जर्मनीच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च ऊन इतके तिरपे असते की त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर जास्त ऊन लागते. शाकाहारी विद्यार्थ्यांनी ड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे तपासून घ्यावीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. सततचा थकवा हा प्रत्येक वेळी मनाचाच नसतो.

सोबतीने शरीरात काय घडते?

१९९७ साली अमेरिकेत शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिले. घरचे, मित्र, शेजारी, सहकारी, मंडळातले लोक अशी सहा किंवा अधिक प्रकारची नाती ज्यांच्या आयुष्यात होती, त्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट होती. यात मोजली गेली ती ओळखींची संख्या नव्हे, त्यांची विविधता, हे विशेष.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंचा प्रयोगही बोलका आहे. एकट्याने केलेल्या सरावानंतर आणि संघाबरोबर एका तालात केलेल्या तेवढ्याच सरावानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली गेली. कष्ट सारखेच असूनही संघाबरोबर वल्हवल्यावर ती अधिक वाढली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक रसायने याच्या मुळाशी असावीत, असे संशोधक मानतात. रॉबिन डनबार यांच्या गटाला मित्रांबरोबर खळखळून हसल्यानंतरही असाच परिणाम दिसला. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची सामाजिक नाती भक्कम होती, त्या लोकांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

मैत्रीला तास लागतात

‘‘मला इथे कोणी मित्रच मिळत नाही,’’ असे पहिल्या सत्रात अनेक जण म्हणतात. स्वभावात खोट नसते, बहुधा तास कमी पडलेले असतात. कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हा हिशेब मांडला. नव्या गावी राहायला आलेले लोक आणि विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेले विद्यार्थी यांची माहिती घेतल्यावर असे दिसले, की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मित्र व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. वर्गात किंवा कामावर शेजारी बसलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, जेवण, भटकंती यांतले तास मैत्री घडवतात.

हे तास काढणे परदेशी विद्यार्थ्याला सोपे नसते. जर्मनीत शिकायला जाताना वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत आधी अडकवून ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात आणि त्यांतला मोठा वाटा भाड्यात जातो. वर काम, परीक्षा आणि घरच्या कर्जाचा हप्ता. मित्रांनी बोलावले की मनात आधी युरोचे रुपये होतात. ‘बाबांनी कर्ज काढून पाठवलेय आणि मी सहलीला जाऊ?’ या अपराधी भावनेने कित्येक जण ‘पुढच्या वेळी येतो’ म्हणतात. असे तीन-चार वेळा झाले की बोलावणे बंद होते.

खरे तर तिथल्या विद्यार्थी जीवनात कमी खर्चात पुष्कळ काही होते. ‘मेन्सा’ म्हणजे विद्यापीठाची खानावळ स्वस्त असते आणि तिथे एकट्याने बसून जेवायलाच हवे असे नाही. विद्यापीठांचे क्रीडावर्ग नाममात्र शुल्कात बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत सगळे शिकवतात. अनेक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच रेल्वे-बसचा पास मिळतो. रविवारी डोंगरात किंवा जंगलात पायी भटकणे हा तर जर्मनांचा जुना छंद. घरून नेलेल्या पोळी-भाजीवर तो सहज भागतो. सामाईक घरात राहणाऱ्यांना स्वयंपाकघर ही मैत्रीची हक्काची जागा मिळते. कांदेपोह्यांच्या वासाने जितक्या ओळखी झाल्या असतील, तितक्या औपचारिक मेळाव्यांतून झाल्या नसतील.

आपल्या भाषेच्या मंडळींचा आधार मोठा असतो. गणपतीची आरती, दिवाळीचा फराळ, क्रिकेटचा सामना यांनी मन हलके होते. मात्र कोहेन यांच्या प्रयोगातली विविधतेची गोष्ट इथेही लागू पडते. आपला मराठी गट, वर्गातला एखादा ब्राझिलियन किंवा जर्मन जोडीदार, खेळाचा संघ आणि घरातले सोबती असे तीन-चार वेगळे धागे असले, तर एक तुटला तरी बाकीचे सावरतात.

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा त्यांना तिथली थंडी आणि जेवण दोन्ही जड गेले. पण अमेरिकेत त्यांना थिओडिशिया कार्पेंटर यांचे घर होते. त्यांना त्या मावशी म्हणत. १८८५ साली काढलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली बसलेल्या दिसतात. तीन दूरच्या देशांतून आलेल्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या पोशाखात. क्षयाने आनंदीबाईंना १८८७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत हिरावून नेले. सोबत हे क्षयावरचे औषध नव्हते. पण शिक्षण पुरे करण्याचे बळ त्यांना ज्या गोष्टींतून मिळाले, त्यांत ही माणसे होतीच.

भटकंतीत एवढे सांभाळा

बाहेर पडताना काही गोष्टी ठाऊक हव्यात. उन्हाळ्यात तळ्यात पोहण्याचा मोह होतो. वर कोमट लागणारे पाणी खाली एकदम थंडगार असू शकते. त्या धक्क्याने श्वास अडकतो आणि पोहता येणाराही बुडतो. जीवरक्षक असलेल्या जागीच, सोबतीने आणि दारू न पिता पाण्यात उतरावे.

दारूने थंडीत ऊब येते हा गैरसमज आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते. दारू न पिणाऱ्याने संकोचू नये. हातात सफरचंदाचा रस घेऊनही टेबलावर बसता येते आणि आज तसे बसणारे पुष्कळ असतात. एखादा मित्र प्यायल्यावर हाकेला उत्तर देत नसेल, तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून सोडू नये. कुशीवर वळवून ११२ क्रमांकावर फोन करावा.

जंगलातल्या गवतात गोचिडी असतात. चावलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढावी, तेल-तूप लावत बसू नये. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर तो लाइम आजार असू शकतो आणि प्रतिजैविकांनी बरा होतो. गोचिडीपासून होणारा मेंदूज्वर दक्षिण जर्मनीत, विशेषतः बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आढळतो. त्याची लस उपलब्ध आहे. तिथे राहणाऱ्या आणि भटकंती करणाऱ्यांनी ती घ्यावी.

कधी थांबू नये

झोपेचे चक्र पूर्ण उलटणे, जेवण टाळणे, वर्गाला दांड्या, आवडीच्या गोष्टींतही मन न लागणे, फोन टाळणे किंवा कॅमेरा बंद ठेवूनच बोलणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर ‘होईल ठीक’ म्हणून वाट पाहू नये. जर्मनीत विद्यार्थी कल्याण संस्थांची समुपदेशन केंद्रे असतात, अनेक ठिकाणी तिथे इंग्रजीत बोलता येते. तातडी नसलेल्या आजारासाठी दवाखाने बंद असतानाच्या वेळी ११६११७ हा क्रमांक आहे. जगणे नकोसे वाटते असे मुलाने नुसते सुचवले, तरी ते गांभीर्याने घ्यावे, त्याला एकटे राहू देऊ नये आणि ११२ वर मदत मागावी. त्यासाठी त्याच्या घरातल्या एखाद्या सोबत्याचा किंवा मित्राचा फोन नंबर आईवडिलांकडे आधीपासून असायला हवा. तो मुलाच्याच संमतीने, तो खुशीत असताना मागून ठेवलेला बरा.

आणि रविवारच्या त्या फोनमध्ये एक छोटा बदल करता येईल. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की विषय संपतो. ‘कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारले तर उत्तरात एखादे नाव येते, आणि नावामागून गोष्ट येते. आठवडेच्या आठवडे उत्तर ‘एकटाच’ असे येऊ लागले, तर पुढचे वाक्य अभ्यासाचे नसावे. ‘‘या शनिवारी कोणाला तरी जेवायला बोलाव, वरण-भात कर, पैशांचे आम्ही बघतो,’’ एवढे घरून ऐकू आले तरी मुलाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.