डिस्चार्ज कार्डावर नसलेला प्रश्न

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याला भरपूर सूचना मिळतात. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, जड उचलायचे नाही, जिना सावकाश चढायचा, रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मुलगा सगळे मोबाइलमध्ये टिपून घेतो. पत्नी विचारते, ‘भात चालेल का?’ एक प्रश्न मात्र रुग्णाच्या मनात असूनही ओठांवर येत नाही आणि डॉक्टरही तो काढत नाहीत. पती-पत्नीचे संबंध पुन्हा सुरू करायचे का, आणि करायचे तर कधी?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा विषय निघणे अवघडच. टेबलाशी एका वेळी तीन रुग्ण उभे, मागे रांग, शेजारी मुलगा किंवा सून. अशा वेळी पन्नाशी-साठीचा माणूस काय बोलणार? तो गप्प बसतो आणि घरी गेल्यावर उत्तर स्वतःच ठरवतो. बहुतेक घरांत अंथरुणे वेगळी होतात. ‘ह्यांना पुन्हा काही झालं तर?’ या धास्तीने पत्नी नातवंडांजवळ झोपायला जाते आणि नवरा ‘आता वय झालं’ अशी स्वतःची समजूत घालतो. काही जण याच्या उलट वागतात. कुणाला न विचारता औषधाच्या दुकानातून गोळी आणतात. पहिल्या घरात जवळीक संपते. दुसऱ्या घरात जीव जाऊ शकतो.

आधी त्या धास्तीविषयी. शरीराला किती श्रम पडतात हे मोजण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा म्हणजे १ मेट. नेहमीच्या जोडीदाराबरोबरच्या शरीरसंबंधाला साधारण ३ ते ५ मेट लागतात, म्हणजे भराभर चालण्याइतके किंवा दोन जिने चढण्याइतके श्रम, आणि तेही थोडाच वेळ. नाडी क्वचितच मिनिटाला १३०च्या वर जाते. ज्यांचा रक्तदाब एरवी नॉर्मल असतो, त्यांचा वरचा आकडा क्वचितच १७० ओलांडतो. सुटणारी एसटी पकडायला धावणारा माणूस आपल्या हृदयाला याहून जास्त राबवतो, आणि तेव्हा कुणाला काळजी वाटत नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की, शरीरसंबंधानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका दोन-अडीच पट होतो. हे ऐकून कुणीही दचकेल. पण मुळात धोका होता किती? निरोगी प्रौढ माणसाला एखाद्या ठरावीक तासात झटका येण्याची शक्यता दहा लाखांत एक धरली, तर ती दहा लाखांत दोनच्या आसपास जाते. आधी झटका येऊन गेलेल्यांत मूळ आकडा मोठा असतो, तरीही वाढलेला धोका लहानच राहतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत तर ही वाढ जवळजवळ दिसलीच नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये या विषयावर सविस्तर निवेदन काढले. त्यात शवविच्छेदनांच्या नोंदींचा आधार घेतला आहे. अचानक झालेल्या ५,५५९ मृत्यूंपैकी शरीरसंबंधाच्या वेळी झालेले मृत्यू होते ३४, म्हणजे ०.६ टक्के. अशा मृत्यूंत बहुसंख्य पुरुष होते आणि सुमारे तीन-चतुर्थांश घटना विवाहबाह्य संबंधांतल्या होत्या. बहुतेक वेळा जोडीदार वयाने लहान, जागा अनोळखी किंवा आधी भरपूर खाणेपिणे झालेले. इथे नीतीचा विषय काढण्याचे कारण नाही. भरलेले पोट, दारू आणि मनावरचा ताण या तिन्हींचा भार हृदयावरच पडतो, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

मग सुरुवात कधी करायची? झटका गुंतागुंतीविना पार पडला असेल आणि हलक्या ते मध्यम श्रमांनी छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर एका आठवड्यानंतरही हरकत नाही, असे हे निवेदन सांगते. आपल्याकडे बरेच डॉक्टर थोडे अधिक थांबायला सांगतात. मनाला उभारी यायला तेवढा वेळ लागतोच. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल, सगळे अडथळे निघाले असतील आणि जखम ठीक असेल, तर काही दिवस पुरतात. बायपासनंतर मात्र छातीचे हाड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर थांबावे आणि त्यानंतरही सुरुवातीला हातांवर किंवा छातीवर भार येणार नाही असे पाहावे.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक साधी पारख आहे. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे दमदार चालून लगेच दोन जिने चढावेत. छातीत दुखले नाही, धाप लागून थांबावे लागले नाही, चक्कर आली नाही, तर हृदय या श्रमांना तयार आहे असे समजायला हरकत नाही. गुडघे साथ देत नसतील किंवा शंका असेल, तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. ही पारख तब्येत स्थिर असलेल्यांसाठी आहे आणि नुकताच झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नये. बसल्या जागी किंवा थोड्याशा हालचालीने छातीत दुखत असेल, पायांवर सूज येऊन झोपताना दम लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असेल, तर आधी उपचार आणि मग बाकीचे.

आता गोळीविषयी, आणि हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा असा आहे.

सिल्डेनाफिल हे औषध लोकांना व्हायग्रा या नावाने माहीत आहे. ते मुळात हृदयासाठीच तपासले जात होते. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या संशोधकांना अँजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्यावर, नवे औषध हवे होते. छातीदुखीवर त्याचा फारसा प्रभाव दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेच्या तक्रारीसाठी मान्यता मिळाली. त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तवाहिनीचे आतले अस्तर हा वायू तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैल पडते, रुंदावते. छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शरीरात हाच वायू पुरवते. ताठरता येते तीही याच वायूमुळे. एकाच रसायनावर दोन औषधे दोन बाजूंनी काम करतात आणि घोटाळा तिथेच होतो.

न्हाणीघराचे उदाहरण घ्या. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गटातली औषधे नळ सोडतात. सिल्डेनाफिल मोरीचे भोक बुजवते. यातले एकच झाले तर चालून जाते. दोन्ही एकदम झाले की न्हाणीघर तुंबते. शरीरात याचा अर्थ असा की, सगळ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी ढिल्या पडतात आणि रक्तदाब धाडकन कोसळतो. आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिन्यांत रक्त पोचेनासे होते. माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो.

म्हणून ज्यांना सॉर्बिट्रेट, मोनोट्रेट किंवा नायट्रेट गटातले कोणतेही औषध, गोळी असो वा स्प्रे, चालू आहे त्यांनी सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा त्या जातीची गोळी घ्यायचीच नाही. निकोरँडिल घेणाऱ्यांनाही हेच लागू. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखे औषध घेणाऱ्यांचा दाबही या गोळीने उतरू शकतो, त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. उलट बाजूने हिशेब असा : सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तास नायट्रेट वर्ज्य. शनिवारी रात्री टाडालाफिल घेतली तर सोमवारी रात्रीपर्यंत.

आपल्याकडे हा धोका आणखी एका वाटेने येतो. छातीत दुखले की शेजारचे काका खिशातली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवायला देतात. हेतू चांगला असतो. पण ज्याला ती दिली त्याने आदल्या रात्री काय घेतले होते, हे काकांना ठाऊक नसते. त्याच्या पत्नीलाही बऱ्याचदा ठाऊक नसते, कारण गोळी गावातल्या दुकानातून आणलेली नसते. तिथे मुलाचा मित्र बसतो म्हणून गडी तालुक्याला जातो आणि चिठ्ठीशिवाय घेऊन येतो. नियमाने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण त्या नियमाचे काय होते हे वाचकांना सांगायला नको. बसस्थानकाच्या भिंतीवर जाहिरात असलेली ‘शुद्ध वनस्पती’ची चूर्णे आणि कॅप्सूलही सुरक्षित समजू नयेत. अशा मालात सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडे गुपचूप मिसळलेली आढळल्याचे अनेक देशांच्या औषध प्रशासनांनी वेळोवेळी जाहीर केले आहे.

संबंधाच्या वेळी छातीत दुखू लागले तर तिथेच थांबावे, उठून बसावे. ताठरतेची गोळी घेतलेली नसेल आणि डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर ती घ्यावी. गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेटला हात लावू नये. दुखणे चार-पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे : ‘अमुक वाजता ही गोळी घेतली आहे.’ रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर हे पत्नीने सांगायचे, म्हणून तिला आधीच माहीत असायला हवे. झटक्यावर नायट्रेटशिवायही उपचार होतात, फक्त डॉक्टरांना वेळेवर कळायला हवे.

ज्यांना नायट्रेट चालू नाही आणि ज्यांची प्रकृती स्थिर आहे, अशा बहुतेक हृदयरुग्णांना ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते. नायट्रेट चालू असले तरी आजही त्याची गरज आहे का, पर्यायी औषध देता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञ पाहू शकतात. मात्र स्वतःच्या मनाने ते बंद करून गोळी घेणे हा आगीशी खेळ आहे.

आता गोष्टीची दुसरी बाजू. चाळीस-पंचेचाळिशीचा, हृदयाची कसलीच तक्रार नसलेला माणूस. गेल्या काही महिन्यांपासून ताठरता हळूहळू कमी होत चालली आहे. तो मनाशी कामाचा ताण, वय, फार तर ‘अशक्तपणा’ अशी कारणे लावतो. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास असतो १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. मधुमेह, तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी अस्तर खराब व्हायला लागले की सगळीकडेच होते, पण बारीक नळी आधी बोलते. पुढे ज्यांना हृदयविकार होतो, त्यांच्यातल्या अनेकांना ताठरतेची तक्रार दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली असते. छातीत पहिली कळ येण्याआधी मिळालेली ही मुदत आहे. ‘गुप्तरोगा’च्या तंबूत ती वाया जाते.

प्रत्येक तक्रार रक्तवाहिन्यांचीच असते असे नाही. पहाटे झोपेतून उठताना ताठरता नीट येत असेल आणि तक्रार एकाएकी, एखाद्या प्रसंगानंतर सुरू झाली असेल, तर कारण मनात असण्याची शक्यता जास्त. हळूहळू वाढत गेली असेल आणि पहाटेची ताठरताही मंदावली असेल, तर रक्तवाहिन्या, मधुमेहाने बिघडलेल्या नसा किंवा हार्मोन यांच्याकडे पाहावे लागते. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर, ईसीजी आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट. यातल्या बहुतेक तपासण्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात होतात. चालणे आणि वजन उतरवणे यांचाही उपयोग होतो. इटलीतल्या ११० लठ्ठ पुरुषांवरचा दोन वर्षांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम नेटाने पाळणाऱ्या ५५ जणांपैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली, तर नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या ५५ जणांत फक्त तिघांची.

शेवटी हृदयाच्या औषधांवरचा आरोप. ‘ही गोळी सुरू झाली आणि सगळं संपलं’ असे म्हणून बीटा ब्लॉकर बंद करणारे रुग्ण कमी नाहीत. काही औषधांमुळे ताठरता कमी होऊ शकते, हे खरेच. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक इटालियन अभ्यास फार बोलका आहे. ९६ हृदयरुग्णांना ॲटेनोलॉल हे एकच औषध दिले, ३२-३२ च्या तीन गटांत. ज्यांना औषधाचे नाव सांगितले नव्हते त्यांच्यात एकाने तक्रार केली. नाव सांगितले पण दुष्परिणाम सांगितला नाही, त्यांच्यात पाच जणांनी. दोन्ही सांगितले, त्यांच्यात दहा जणांनी. औषध तेच, मात्रा तीच. शंका असेल तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, पण अशी औषधे एकदम बंद केली तर छातीदुखी उसळते आणि झटकाही येऊ शकतो.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, तालुक्याहून आणलेलीही. मुलाला किंवा सुनेला केसपेपरच्या खिडकीशी पाठवावे आणि तेवढ्यात विचारून घ्यावे. बोलणे जमतच नसेल तर केसपेपरच्या मागे चार शब्द लिहून डॉक्टरांपुढे ठेवावेत. जमल्यास पत्नीलाही आत बोलवावे, कारण दोन जिन्यांचा हिशेब तिनेही ऐकलेला बरा.