चित्रे जमविणारा चित्रकार

बाल छाबडा यांना आमच्या घरी कित्येक वर्षे ‘बाळ’च म्हणत. बाळ म्हटल्यावर माणूस गिरगावातला नाही तर दादरचा, हा आपला समज! प्रत्यक्षात १९२३ साली पंजाबात जन्मलेले, सिनेमाच्या धंद्यातले हे गृहस्थ. कलाशाळेची पायरी न चढता, हुसेन-गायतोंडे यांच्या स्नेहाने ते रंगांच्या नादी लागले. १९५९ मध्ये वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ‘गॅलरी ५९’ थाटली. त्याच वास्तूत गायतोंडे रंगवीत, रविशंकरांची सतार वाजे, अल्काझींच्या तालमी चालत. पण असल्या चित्रांना गिऱ्हाईक कुठले? गॅलरी फार वर्षे चालली नाही. मित्रांची चित्रे छाबडा स्वतःच घेत राहिले. पुढे त्याच मित्रांना सोन्याचे मोल आले, आणि छाबडांची ओळख ‘संग्राहक’ एवढीच उरली. मला हा अन्याय वाटतो. १९६१ साली टोकियोच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले ते त्यांच्या संग्रहाला नव्हे, त्यांच्या कुंचल्याला! २०१३ साली ते गेले. तो बंगला त्यापूर्वीच पाडला गेला होता. रस्त्याला तेवढे भुलाभाईंचे नाव आहे.