कन्सोलवरील दिव्यांची मांडणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रंगमंचावरील दिवे जेथे आणि जितक्या अंतराने टांगलेले असतील, नेमके तेथेच आणि त्याच प्रमाणात ते कन्सोलच्या पडद्यावर मांडले पाहिजेत, एरव्ही ती मांडणी अशास्त्रीय होय, हे मत मी इतक्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून आणि इतक्या निःशंकपणे उच्चारलेले ऐकले आहे की त्याचा सविस्तर परामर्श घेणे आता टाळता येत नाही. म्हैसूर जिल्ह्यात तिरुमकूडलू नरसीपुराजवळ सोसले हे व्यासराज मठामुळे ख्यातनाम झालेले गाव आहे. त्या मुलुखातील खेड्यांत ‘कुरुक्षेत्रा’सारखी पौराणिक नाटके गावकरी स्वतः उभी करतात, आणि अशा नाटकांना दिवे भाड्याने पुरविणारे तरुण जे सांगतात, तेच मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत रीतसर शिक्षण घेऊन आलेले तंत्रज्ञही सांगतात. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीत १८४३ साली मराठी नाटकाचा पाया घातला गेला, हे ऋण आपण मानतो. परंतु आज दोन्ही प्रांतांत समाईक असलेला हा गैरसमज मात्र लवकर निकालात निघावा, असे मला मनापासून वाटते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. आधुनिक प्रकाशकन्सोलच्या स्पर्शपडद्यावर प्रत्येक दिव्याचे एक चिन्ह ठेवता येते. त्या चिन्हाला बोट लावले की तो दिवा निवडला जातो, आणि मग त्याची तीव्रता, रंग किंवा दिशा बदलता येते. ग्रँडएमए कन्सोलवर या सोयीला लेआउट म्हणतात, इऑस कन्सोलवर मॅजिक शीट. संगणक नव्हते तेव्हाही प्रकाशयोजनाकार असाच एक कागद तालमीच्या वेळी मांडीवर ठेवीत असत, आणि त्या कागदावर दिव्यांचे क्रमांक बारच्या अंतराप्रमाणे नव्हे, तर त्यांच्या उपयोगाप्रमाणे लिहिलेले असत. पडद्यावरील मांडणी ही त्या कागदाची वारसदार आहे.

मापाने काढलेला नकाशा ही वेगळी वस्तू आहे, आणि सगळा घोटाळा या दोहोंना एक समजण्यातून उत्पन्न होतो. त्या नकाशात बार कोठे, बारवर कोणता दिवा किती फुटांवर, त्याला कोणते जिलेटिन, वीज कोणत्या डिमरवरून, हा सारा तपशील मुकरर केलेला असतो, आणि तो शिडीवर चढून दिवे टांगणाऱ्या माणसासाठी असतो. दिवे टांगून आणि फोकस करून झाले की त्याचे मुख्य काम संपते. कन्सोलवरील मांडणीचे काम तेथून सुरू होते, आणि तिचा वाचक निराळा असतो : काळोख्या केबिनमध्ये बसलेला, एक हात फेडरवर आणि एक डोळा रंगमंचावर ठेवलेला, दिवा सापडण्यासाठी ज्याच्यापाशी क्षणाचाच अवधी आहे असा माणूस. पाचव्या बारवरचा डावीकडून तिसरा दिवा हे ज्ञान त्या क्षणी त्याच्या उपयोगाचे नसते. सोफ्यावर बसलेल्या बाईचा चेहरा उजळणारा दिवा कोणता, एवढेच त्याला हवे असते. टपालकचेरीतील पत्रांचे कप्पे गावाच्या नकाशाप्रमाणे नव्हे, तर पोस्टमनच्या फेरीप्रमाणे लावलेले असतात, त्यातलाच हा प्रकार होय.

प्रमाणबद्ध मांडणीने प्रत्यक्षात काय होते ते एकदा जवळून पाहावे. रंगमंचावरील बारवर दिवे हातभर अंतराने दाटलेले असतात आणि प्रेक्षागृहातील पुढचा बार कित्येक फूट दूर असतो. हे प्रमाण पडद्यावर जसेच्या तसे उतरविले की वरच्या भागात चिन्हांची इतकी गर्दी होते की बोट एकाला लावावे तो शेजारचा पेटतो, आणि मधली बरीच जागा रिकामी राहून वाया जाते. त्याहून मोठा दोष असा की बारवर शेजारी असलेले दिवे कामात शेजारी असतातच असे नाही. एकाच बारवरील सहा दिव्यांपैकी दोन सोफ्यावर, एक दरवाज्यावर, एक देव्हाऱ्यावर आणि उरलेले मागच्या पडद्यावर रोखलेले असू शकतात. उलट एकाच चेहऱ्यावर पडणारे दोन दिवे सभागृहाच्या दोन टोकांना टांगलेले असतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकविणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांचे १९३२ सालचे पुस्तक उघडून पाहावे. रंगमंचाचे अभिनयक्षेत्रांत विभाजन करावे आणि प्रत्येक क्षेत्रावर दोन बाजूंनी तिरपे दोन दिवे, एक उबदार आणि एक शीतल रंगाचा, सोडावेत, ही त्यांची पद्धत आजही नाट्यशिक्षणात पायाभूत मानली जाते. अशा रीतीने विचार करून लावलेले दिवे क्षेत्रवारीने न मांडता बारवारीने मांडणे म्हणजे विचार एका भाषेत आणि दफ्तर दुसऱ्या भाषेत ठेवण्यासारखे आहे.

आणि मराठी नाटकाला तर हा हट्ट मुळीच परवडणारा नाही. आपले व्यावसायिक नाटक दौऱ्यावर जगते. आज पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, जे १९६८ साली उभे राहिले, तर उद्या ठाण्याचे १९७८ सालचे गडकरी रंगायतन, परवा दादरचे शिवाजी मंदिर. प्रत्येक ठिकाणी बारांची संख्या वेगळी, अंतरे वेगळी, उपलब्ध दिवे वेगळे, आणि सेट लागून पहिली घंटा होईपर्यंत मिळणारा वेळ मात्र सर्वत्र अपुराच. एका नाट्यगृहाचे हुबेहूब चित्र पडद्यावर काढून ठेवणाऱ्याला प्रत्येक मुक्कामी नवे चित्र काढावे लागते. उलट ज्याने ‘सोफा’, ‘दरवाजा’, ‘देव्हारा’, ‘जिना’ अशी उपयोगवार मांडणी केली आहे, त्याला नव्या ठिकाणी केवळ कोणत्या नावापाठीमागे तेथला कोणता दिवा आहे एवढा पॅच बदलावा लागतो. पडद्यावरील चिन्हे जागच्या जागी राहतात, आणि हाताला झालेली सवय मोडत नाही.

मांडणी करावी कशी, तर क्षेत्रे तीन-तीनच्या तीन ओळींत घ्यावीत. प्रत्येक क्षेत्राचे डावे-उजवे दिवे एकमेकांलगत ठेवावेत. मागून येणारा प्रकाश वेगळ्या ओळीत, सायक्लोरामाचे दिवे सर्वांत वर एका पट्टीत, आणि एखाद्याच प्रसंगी लागणारे विशेष दिवे बाजूला, नावानिशी. उबदार दिव्यांची चिन्हे पिवळसर, शीतल दिव्यांची निळसर ठेवली तर वाचण्याचे श्रम वाचतात. चिन्ह बोटाच्या टोकाहून लहान नसावे. प्रेक्षागृहाचे दिवे मांडणीत घ्यायचेच असतील तर ते एका कोपऱ्यात, भोवती मोकळी जागा सोडून ठेवावेत. भर प्रसंगात चुकून सभागृह उजळले तर नटाची अनेक मिनिटांची मेहनत वाया जाते.

याचा अर्थ स्थानाला काहीच किंमत नाही असा कोणी करू नये. मागे-पुढे आणि डावे-उजवे हे संबंध राखावेतच : ऑपरेटरचे तोंड रंगमंचाकडे असते, म्हणून मागचा पडदा वर आणि प्रेक्षक खाली. नटाची डावी बाजू ऑपरेटरच्या दृष्टीने उजवीकडे येते, आणि पडद्यावरही ती उजवीकडेच यावी. टाकून द्यायचे ते अंतर आणि प्रमाण. एलईडी पट्ट्यांवर चित्र किंवा लाट फिरवायची असेल तेव्हा मात्र खरी भूमिती आवश्यक ठरते, कारण तेथे प्रत्येक बिंदूचे स्थान हाच आशय असतो. परंतु हा अपवाद दाखवून दोन अंकी कौटुंबिक नाटकाच्या मांडणीवर नियम लादणे सयुक्तिक नाही.

आता उरलेले समज. चिन्ह पडद्यावर सरकविले की दिव्याचा पत्ताही बदलतो, असे नवशिके भीतीने विचारतात. बदलत नाही, पॅच आणि मांडणी ही स्वतंत्र दफ्तरे आहेत. जितकी चिन्हे अधिक तितकी मांडणी परिपूर्ण, हेही खरे नव्हे; जे कधी स्वतंत्रपणे निवडायचे नाहीत अशा आठ दिव्यांना गटाचे एकच चिन्ह पुरते. ५१२ चॅनेल म्हणजे ५१२ दिवे, हा हिशेब साध्या डिमरपुरता ठीक आहे. सोळा चॅनेलचे मुव्हिंग हेड अशा ५१२ चॅनेलच्या एका युनिव्हर्समध्ये बत्तीसच बसतात. दिवे कोणत्याही क्रमाने निवडले तरी परिणाम सारखाच, असे म्हणणाऱ्याने डावीकडून उजवीकडे धावणारा चेस एकदा रचून पाहावा : कन्सोल निवडीचा क्रम लक्षात ठेवतो, आणि तो विस्कळीत असला तर प्रकाश धावण्याऐवजी उड्या मारतो.

पडद्यावर चिन्ह उजळले म्हणजे दिवा पेटला, हा समज मात्र एका ओळीत सोडून देता येत नाही, कारण त्याने प्रयोग बिघडतात. अमेरिकेतील यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ साली तयार केलेली डीएमएक्स५१२ ही पद्धती, जिच्यावर आजही बहुतेक नाट्यगृहांचा कारभार चालतो, मूलतः एकमार्गी आहे. कन्सोल हुकूम धाडतो, दिव्याकडून पोच येत नाही. दिव्याचा फिलामेंट तुटला, केबल निघाली, डिमरचा फ्यूज उडाला, तरी पडद्यावरील चिन्ह तितक्याच तेजाने तळपत राहते. दिव्याकडून उलट माहिती आणणारी आरडीएम ही जोडपद्धती २००६ साली प्रमाणित झाली खरी, परंतु जुन्या डिमरांना ती लागू पडत नाही, आणि जेथे आहे तेथेही मधले स्प्लिटर तिला अनुकूल असावे लागतात. सबब प्रेक्षकांना आत घेण्यापूर्वी एकेक दिवा क्रमाने पेटवून, एका माणसाने रंगमंचावर उभे राहून तो डोळ्यांनी पाहावा, आणि जो पेटला नाही त्याच्या चिन्हावर मांडणीतच खूण करून ठेवावी, म्हणजे ऐन प्रसंगी ऑपरेटरचे बोट त्याच्यावर न जाता शेजारच्या पर्यायी दिव्याकडे जाईल.