पंपाची धास्ती, गोळीवर भरवसा

संध्याकाळच्या विरार लोकलमधून भाईंदरला गर्दी उतरते, तेव्हा स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते: “दम लागतोय, दम्याची गोळी द्या. पंप नको हां, त्याची सवय लागते.”

गोळी सौम्य आणि पंप जालीम, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. अनेकदा दोन्हींत औषध एकच असते, सालब्युटामॉल. गोळीत ते ४ मिलिग्रॅम, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी चाळीस दाबांच्या बरोबरीची! ती पोटातून रक्तात जाते आणि अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडते. शिवाय गुण यायला अर्धा तास तरी जातो. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत उतरते आणि पाचेक मिनिटांत छाती मोकळी होऊ लागते.

‘सवय लागते’ या भीतीत एक कण मात्र खरा आहे. लगेच आराम देणारा पंप नुसता वापरत राहिले, तर श्वासनलिकांची आतली सूज तशीच राहते आणि एखाद दिवशी मोठा अटॅक येतो. म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या गटाने २०१९पासून असा एकटा पंप देऊ नये, असे सांगितले आहे. सोबत सूज कमी करणारे स्टेरॉइड हवेच. स्टेरॉइड म्हटले की घरचे दचकतात. पण पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते आणि घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी येण्याची शक्यताही कमी होते. ते टाळणाऱ्यालाच पुढे अटॅकमध्ये मिलिग्रॅमच्या हिशेबाने स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास आहे. ही तफावत नुसत्या हवेवर ढकलता येणार नाही.

बरे, पंप घेणारेही तो नीट घेतातच असे नाही. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून सावकाश आत ओढताना दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. घाईत दाबला तर औषध जिभेवर आणि घशात बसते. मग ‘पंपाने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. हे जमत नसेल तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर लावावा. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की अटॅक आलेल्या मुलांमध्ये अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसरही विकतच्याइतकाच कामी येतो.

दुसरा गोंधळ निदानाचा. ‘छातीचा फोटो नॉर्मल आला, म्हणजे दमा नाही’ हे वाक्य मीरा रोडपासून उत्तनपर्यंत कुठेही कानावर पडेल. फोटोत न्यूमोनिया दिसतो, टीबीचा संशय घेता येतो. दम्यात तो बहुधा स्वच्छच येतो. श्वास किती अडतो हे कळते स्पायरोमेट्रीत. नळीत जोरात फुंकायचे, मग औषध घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याकडे बोट जाते. औषधानंतरही ती एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांच्या खालीच राहिली, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, विचार होतो. बरे असताना केलेली दम्याची चाचणी नॉर्मलही येऊ शकते, हेही ध्यानात ठेवायला हवे. घरात बीपीचे यंत्र असते, साखर मोजायचे असते. श्वास मात्र आपण अंदाजाने तोलतो.

सीओपीडी फक्त बिडी-सिगारेटवाल्यांना होतो, असे मानणेही चूक. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, कामावरची धूळ, जुना टीबी ही त्यामागची कारणे. खाडीकाठच्या मीरा-भाईंदरमध्ये डासांपायी घरोघरी कॉइल जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यात उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या कचऱ्याला आग लागली की खालच्या गावांत खोकल्याची साथच येते. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कामगाराला डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा: सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? उत्तर ‘हो’ आले, तर दुखण्याचे मूळ कामाच्या जागीही असू शकते.

कबुतरांमुळे फुप्फुसे बिघडतात का, हा वाद दादरच्या कबुतरखान्यामुळे २०२५ मध्ये न्यायालयात आणि रस्त्यावर गाजला. त्यात एका बाजूने सगळेच थोतांड ठरवले, दुसरीने प्रत्येक खोकला कबुतरांच्या माथी मारला. विष्ठा आणि पिसांच्या बारीक धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि वेळीच संपर्क तुटला नाही तर कायमचे व्रण राहतात, एवढे पक्के. मात्र भारतातल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदवहीत या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा संबंध एअर कूलरशी आढळला होता. तेव्हा गॅलरीला जाळी जरूर लावावी, पण कूलरमधले कुबट पाणी आणि पावसाळ्यात गळक्या भिंतीवर धरलेली बुरशी यांनाही मोकळे सोडू नये.

कोजागरीच्या दुधातून दिले जाणारे औषध किंवा मृगाला हैदराबादेत गिळायचा मासा, यांनी दमा मुळासकट जातो याला शास्त्रीय पुरावा नाही. दम्याला आपोआप चढउतार असतात आणि श्रेय त्या दिवसाच्या औषधाला मिळते.

राहता राहिली वाफ. अटॅकमध्ये घरचे पातेले चढवतात, पाठ चोळतात, तोवर मोलाची वीस मिनिटे निघून जातात. वाफेने आकसलेली श्वासनलिका उघडत नाही. रुग्णाला एक वाक्य एका दमात पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा स्पेसरमधून एकेक करून चार-सहा दाब देऊनही उतार नसेल, तर त्याला बसते ठेवून १०८ला फोन लावावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पंप चालू ठेवावा.